टोपी खुंटीवर होती

"पप्पा, तुम्ही दहावीला कॉपी केली होती का?"

प्रश्न कस्तुरीचा नव्हताच. तो अल्फियाच्या डोक्यातून निघाला होता, तनिष्कानं त्यावर 'डेअर म्हणजे डेअर, मागं फिरली ती भित्री' असा शिक्का मारला होता, आणि कस्तुरीच्या वाट्याला फक्त तोंड उघडणं आलं होतं. रविवारची सकाळ होती. बार्शीत, उपळाई रोडवरच्या ढगे वायरमनच्या घरात, पुढच्या खोलीत तिघी चटईवर मांड्या घालून बसल्या होत्या. मधोमध पेन फिरत होतं, आणि त्या मेल्या पेनाचं टोक एकदा नाही, तीनदा कस्तुरीकडेच वळलं होतं.

पलंगावर पप्पा होते. बालाजी ढगे. एके काळी वादळात खांबावर चढून, खाली जमलेल्या लोकांना वरूनच शिव्या घालत तार जोडणारा माणूस. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हातून पक्कड निसटायला लागली. मग चमचा निसटला, मग जीभ जड झाली, आणि शेवटी डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा जागच्या जागी थांबल्या. आता त्यांच्या उशाशी एक टेबल होतं, टेबलावर संगणक, आणि संगणकाला जोडलेला एक छोटा स्पीकर. पप्पा त्यातून बोलायचे. आजारापूर्वीच्या त्यांच्याच आवाजात.

कस्तुरीनं उठून संगणकावर टिचकी मारली. स्पीकर क्षणभर खरखरला.

"नाही बाळा. मी मनापासून अभ्यास केला. तुम्हीही करा."

"बाळा!" तनिष्का चटईवर आडवीच झाली. "माझा बाप मला गाढवाशिवाय हाक मारत नाही गं!"

"काका, तुम्ही एक नंबर," अल्फिया पलंगाकडे बघून लाजत म्हणाली. तिला आधी त्या पलंगाची भीती वाटायची.

कस्तुरीही हसली. पण तिचं हसू अर्ध्यात अडकलं. कारण पप्पांनी कॉपी केली होती. कॉपी केली होती म्हणजे काय, घरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ते ती गोष्ट रंगवून सांगायचे. मोज्यात चिठ्ठी, भरारी पथक आलं, पप्पांनी खिडकीतून उडी टाकली ती थेट गटारात, आणि तसेच घमघमत परत वर्गात येऊन त्यांनी गणितात छत्तीस मार्क मिळवले. 'पर्यवेक्षक नाक धरून लांब उभा राहिला, म्हणून तर पास झालो' हे वाक्य आलं की मांडव हसायचा.

ते लपवतायत का? पोरींसमोर लाज वाटली? असेल बाई.

तेवढ्यात मागच्या दारातून आई आली. पदराला हात पुसत म्हणाली, "कस्तुरे, टोपी वाळली का बघ की. सकाळी अस्तर धुतलंय तिचं."

कस्तुरीनं मान वळवली. दाराच्या मागच्या खुंटीवर टोपी लटकत होती. ओली. तिच्यातून एक थेंब खाली पडला, मग दुसरा.

पप्पांचं डोकं उघडं होतं. तेल लावून नीट भांग पाडलेलं.

*

ही टोपी नेमकी काय करत होती, ते सांगायला हवं.

पप्पांच्या आजारात मेंदू शाबूत राहतो. मरतात त्या नसा, मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या. कस्तुरीनं वर्गात हे सांगितलं होतं तेव्हा वायरमनच्या पोरीला शोभेल असंच सांगितलं होतं: पॉवर हाउस चालू आहे, तारा तुटल्यात. माणूस 'पाणी' म्हणायचं ठरवतो तेव्हा मेंदूच्या एका पट्ट्यात अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह उठतात. ओठ हलोत न हलोत, ते उठतातच. टोपीत बसवलेले चौसष्ट संवेदक कवटीच्या बाहेरूनच ते प्रवाह टिपतात.

पण प्रवाह म्हणजे शब्द नव्हेत. त्यांचे शब्द करायचं काम 'कुजबुज' नावाचा एक प्रोग्राम करायचा. संशोधकांनी लिहिलेला, फुकट वाटलेला, लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारा. त्याला ना चित्र ना बटण. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, त्यात त्याचं नाव टाइप करायचं, की तो टोपीतून येणारे शब्द एकाखाली एक छापत बसायचा. आईला हे कुठलं जमायला? म्हणून कुणीतरी भल्या माणसानं डेस्कटॉपच्या वरच्या पट्टीत बसणारं एक एक्स्टेन्शन केलं होतं. नाव 'बोला'. ओठांचं एवढंसं चित्र. त्यावर टिचकी मारली की ते एक्स्टेन्शन पडद्यामागं कुजबुज चालवायचं, तिनं दिलेले शब्द उचलायचं आणि स्पीकरवर पप्पांच्या आवाजात म्हणायचं.

आणि एक सोय होती. पुरवणी. संकेत क्षीण असला, एखादा शब्द गळला, तर पप्पांच्या जुन्या मेसेजवरून आणि समोरच्याच्या बोलण्यावरून एक्स्टेन्शन अंदाज करायचं आणि वाक्य पूर्ण करायचं.

टोपी खुंटीवर असेल तर एकसुद्धा शब्द यायला नको होता.

*

मैत्रिणी गेल्या. आई शेजारच्या वहिनींकडे पापड लाटायला गेली. कस्तुरीनं संगणकासमोर खुर्ची ओढली.

घाबरली होती का? अजून नाही. कस्तुरी ढगे म्हणजे शाळेची 'लिनक्सवाली'. नववीपर्यंत मागच्या बाकावर तोंड मिटून बसणारी ही मुलगी, पण गेल्या वर्षी शाळेच्या लॅबमधले बारा मेलेले संगणक तिनं एकटीनं जिवंत केले, आणि तेव्हापासून तिच्या चालण्यातच फरक पडला. शिक्षकसुद्धा तिला 'जरा येतेस का गं' म्हणायला लागले. असला बिघाड म्हणजे तिला चिंचेची गोळी.

तिनं टोपी पंख्याखाली धरून वाळवली, पप्पांच्या डोक्यावर बसवली, टर्मिनल उघडलं आणि कुजबुजचं नाव टाइप केलं. प्रोग्राम लगेच सुरू झाला. चौसष्ट संवेदक हजर, टोपी जोडलेली. म्हणजे कुजबुज ठीक.

वरच्या पट्टीत टिचकी मारली. "काय गं बाळा, अभ्यास झाला का?" स्पीकर म्हणाला. म्हणजे बोलाही ठीक.

टोपी काढली. टिचकी मारली.

"काय गं बाळा, दमलीस का?"

तिनं एक्स्टेन्शन बंद करून चालू केलं. काढून टाकून परत बसवलं. परवानग्या तपासल्या. प्रत्येक वेळी स्पीकर तितक्याच मायेनं बोलायचा. मग तिनं ती गोष्ट केली जी शहाण्या माणसानं सगळ्यात आधी करायची असते. नोंदवही उघडली. एक्स्टेन्शन जे जे करतं, ते ते मुकाट्यानं ज्या फाइलमध्ये लिहून ठेवतं ती.

*कुजबुज सुरू करता आली नाही. अशी फाइल किंवा फोल्डर नाही. पुरवणी वापरली.*

खाली तेच. त्याच्या खाली तेच. तिनं बोट दाबून धरलं आणि ओळी सरकत राहिल्या, सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै, उन्हाळा, संक्रांत. सगळ्यात पहिली ओळ गेल्या दिवाळीतली होती. पाडव्याची संध्याकाळ.

पाडव्याच्या संध्याकाळी काय झालं होतं, ते आठवायला तिला नोंदवहीची गरज नव्हती.

*

दिवाळीच्या सुट्टीत कुजबुजची नवी आवृत्ती आली होती. मराठी जास्त चांगली कळणारी. दवाखान्याचा माणूस सोलापुरातून येऊन बसवून देणार होता, पण त्याला महिना लागणार होता. "त्याला कशाला? मी आहे की," कस्तुरी म्हणाली होती. नवी आवृत्ती तिनं उतरवली, स्वतःच्या फोल्डरमध्ये नीट मांडली, आणि जुनी पुसून टाकली. उगाच जागा अडते म्हणून. टर्मिनलला नवा पत्ता सांगितला. मग पप्पांना टोपी घातली, टर्मिनलमध्ये कुजबुज चालवली, आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली होती:

*कस्तुरे शाब्बास*

ती नाचली होती. आईनं तिच्या तोंडात चिरोटा कोंबला होता. मग वरच्या पट्टीत टिचकी मारून पाहिली तर स्पीकरही बोलला, "खूप छान बाळा." झालं! कोण कशाला अजून तपासतंय?

आता तिनं तपासलं, आणि अर्ध्या तासात सापडलं. फारच साधं होतं.

संगणकाला प्रोग्रामचं नुसतं नाव सांगितलं, तर तो त्याला शोधायला कुठं कुठं जायचं त्याची एक यादी बघतो. त्या यादीला पाथ म्हणतात. टर्मिनल उघडताना कस्तुरीनं लिहिलेली यादी वाचतं, त्यात तिच्या फोल्डरचा पत्ता होता. पण वरची पट्टी टर्मिनलच्या कितीतरी आधी जागी होते. तिची यादी वेगळी, जुनी, कारखान्यातून आलेली. गल्लीतल्या कुणालाही ढगे वायरमनचं घर विचारा, डोळे मिटून दाखवेल. नव्यानं बदलून आलेला पोस्टमन मात्र पत्ता सापडत नाही म्हणून परत जाईल. हा पोस्टमन परत गेला नाही. अकरा महिने तो कोपऱ्यावर बसून स्वतःच पत्रं लिहीत राहिला आणि आणून देत राहिला.

त्यानं कुणाला सांगितलं नाही, असंही नव्हतं. पहिल्या आठवड्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखी एक सूचना यायची. टुण, टुण. "ते काय सारखं कोकलतंय गं? दचकायला होतं," आई म्हणाली होती. कस्तुरीनं सूचना न वाचताच 'व्यत्यय नको'चं बटण दाबलं होतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. एक्स्टेन्शनमध्ये 'कुजबुज' या नुसत्या नावाच्या जागी पूर्ण पत्ता लिहायचा. तिनं लिहिला. लॉगआउट करून परत आत आली. टोपी पप्पांच्या डोक्यावर नीट बसवली, कानामागचा पट्टा आवळला.

"पप्पा," ती म्हणाली. "पप्पा, आता बोला. आता खरंच येतंय. बोला."

टिचकी मारली.

स्पीकर बोलला नाही. कुजबुज चालू असताना क्षीणसुद्धा संकेत नसेल, तर पुरवणी मध्ये पडायची नाही. स्क्रीनवर तीन शब्द आले. *संकेत मिळत नाही.*

"पप्पा, माझं नाव घ्या. नुसतं कस्तुरे म्हणा."

*संकेत मिळत नाही.*

तिनं पट्टा सैल केला, आवळला, टोपी इंचभर मागं सरकवली, पुढं आणली. केस बाजूला केले. पप्पांच्या अर्धवट उघड्या डोळ्यांत पंख्याचं प्रतिबिंब फिरत होतं. बाकी काही हलत नव्हतं.

मग तिनं कुजबुजची माहितीपुस्तिका उघडली. पाडव्याला उघडायला हवी होती ती. चौथ्या पानावर एक परिच्छेद होता, काळ्या चौकटीत:

*वापरणाऱ्याच्या बोलण्याला त्वरित आणि खरा प्रतिसाद मिळणे आवश्यक आहे. बोलण्याच्या प्रयत्नाचा काहीच परिणाम होत नाही असे दीर्घकाळ अनुभवास आल्यास मेंदू प्रयत्न करणे थांबवू शकतो. असे थांबलेले प्रयत्न पुन्हा सुरू झाल्याची नोंद अद्याप नाही.*

कस्तुरीनं तो परिच्छेद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा तर एकेका शब्दावर बोट ठेवून, पहिलीतल्या पोरीसारखा.

*

टोपीच्या काठात नखाएवढं एक कार्ड होतं. डोक्यावर असेल तेवढा वेळ टोपी कच्च्या लहरी त्यावर साठवायची, दवाखान्याच्या अभ्यासासाठी. कुजबुज चालो न चालो. कस्तुरीनं कार्ड काढून संगणकात घातलं. करू नये असं वाटत होतं, आणि हात करत होते. टर्मिनलमध्ये तिनं कुजबुजला सांगितलं, पाडव्यापासून सुरू कर, तारीख आणि वेळ घालून छाप. शेजारी दुसऱ्या खिडकीत नोंदवही उघडली. त्याच वेळी स्पीकर काय म्हणाला होता, ते तिथं होतं.

पाडवा, संध्याकाळी सात. पप्पा: *कस्तुरे पाणी*. स्पीकर: खूप छान बाळा.

सात वाजून पाच मिनिटं. पप्पा: *पाणी*. स्पीकर: दिवाळी मजेत झाली ना सगळ्यांची?

सात वाजून नऊ. पप्पा: *पाणी*.

त्या वेळी ती त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून चिरोटा खात होती.

भाऊबीजेला: *हे मी बोललो नाही*. दुसऱ्या दिवशी: *रेश्मे हा मी नाही*. रेश्मा म्हणजे आई. त्याच मिनिटाला स्पीकर म्हणाला होता: रेश्मा, तू किती करतेस माझ्यासाठी.

ओळी येत राहिल्या. कूस बदला. मुंगी चावते. टीव्ही बंद करा. कोण बोलतंय. कोण बोलतंय. कोण बोलतंय. मध्येच एक शिवी, अस्सल, खांबावरची, आणि ती वाचून कस्तुरीला हसू फुटलं आणि त्याच हसण्यातून हुंदका. मग डिसेंबरात एक ओळ आली जी पुढं रोज आली, कधी दिवसातून वीस वेळा:

*कस्तुरे वायर बघ*

त्यांना कळलं होतं. लॅपटॉप आणि लिनक्स यांतलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला पलंगावर पडल्यापडल्या कळलं होतं की पोरीनं काहीतरी जोडताना चुकीचं जोडलंय. त्यांनी कुणाला दोष दिला नव्हता. नवशिक्या हेल्परला सांगावं तसं सांगत राहिले होते, वायर बघ.

जानेवारीत वाक्यं तुटली. *वायर*. *बघ*. *कस्तु*. सतरा फेब्रुवारीला दुपारी *बघ*. त्यानंतर लहरी होत्या, तारखा होत्या, शब्द नव्हते. आणि एप्रिलपासून लहरीसुद्धा विरळ. आठवड्यात एखादा तास. टोपी डोक्यावर असायचीच नाही.

*

"आई, तू पप्पांना टोपी घालत नाहीस?"

आई भाकरीचं पीठ मळत होती. संध्याकाळचे सहा वाजले होते. तिचा हात थांबला, पण मान वर झाली नाही.

"टाळूला जखमा होतात त्या टोपीनं."

"आई."

मग आईनं वर पाहिलं, आणि कस्तुरीला धक्काच बसला, कारण आईच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची लाज नव्हती. तिथं लपवून ठेवलेला आनंद होता.

"तुला कळलं का शेवटी?" ती हळू आवाजात म्हणाली. "मला चैत्रापासून माहीत आहे. एकदा टोपी काढून डोकं पुसायला लागले, चुकून टिचकी बसली, तर बोलले! टोपी नसताना बोलले, कस्तुरे. मी घाबरलेच आधी. मग रोज बघायला लागले. त्यांना आता टोपी लागत नाही. बरे व्हायलेत ते. मी कुणाला म्हणून सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईलासुद्धा नाही. असल्या गोष्टीला दृष्ट लागते."

ओट्याच्या कोपऱ्यात, लिंबू-मिरची बांधलेला एक दोरा खिळ्याला लटकत होता. तो तिथं कधीपासून आहे, हे कस्तुरीनं कधी विचारलंच नव्हतं.

तिनं सांगितलं. सगळं, सरळ, पाडव्यापासून. कागदावर लिहून आणलेल्या दोन रकान्यांसकट. आई ऐकत राहिली आणि पीठ मळत राहिली. पाणी जास्त झालं, पीठ सैल झालं, तरी मळत राहिली.

"खोटं आहे," शेवटी ती म्हणाली.

"आई, हे बघ ना. तारीख बघ."

"मला शिकवू नकोस! रोज मी बसते त्यांच्यापाशी. तू असतेस का? शाळा, क्लास, मैत्रिणी. काल म्हणाले, रेश्मा, शेंगाचटणीचा वास आला, जीव तृप्त झाला."

"पप्पा तुला कधी असं म्हणाले होते? आधी?"

आई न पेटवलेल्या गॅसकडे वळली.

"अठरा वर्षांत एकदाही नाही," ती म्हणाली. "मीठ कमी असलं की ताट सरकवायचे. म्हणून तर मला वाटलं... आजारानं माणूस मऊ होतो."

मग ती खाली बसली. पिठाचे हात तसेच मांडीवर. "उद्या अकरा वाजता देशमाने मॅडम येणार आहेत."

कस्तुरीला ते माहीत होतं. छातीचे स्नायू थकत चालले होते. गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं मशीन कायमचं लावायचं की नाही, हे पप्पांना विचारायला डॉक्टर देशमाने येणार होत्या. टोपीतून आलेलं उत्तर हे त्या माणसाचंच उत्तर, असा कायदा तीन वर्षांपूर्वी झाला होता. स्पीकर जे म्हणेल ते मॅडम लिहून घेणार, आई साक्षीदार म्हणून सही करणार.

"मी विचारून ठेवलंय त्यांना," आई म्हणाली. "म्हणाले, तुझी इच्छा तीच माझी."

"आई, पडद्याचा एक रंग तुला आवडला म्हणून पप्पांनी मुद्दाम दुसरा आणला होता."

आई हसली. आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "उद्याचा दिवस राहू दे गं तसंच," ती म्हणाली. "कस्तुरे, हात जोडते. त्यांनी उत्तर दिलं नाही तर मॅडम मला विचारणार. लावू का नको, ते मला सांगावं लागणार. मी काय सांगू? लावलं तर आतल्या आत वर्षानुवर्षं... नाही लावलं तर मीच... त्याला बोलू दे ना. तो किती गोड बोलतो."

आई पहिल्यांदाच 'तो' म्हणाली होती. पप्पांना ती कधी 'तो' म्हणायची नाही.

कस्तुरीनं कागदाची घडी केली. तिला आईच्या कुशीत जायचं होतं, पण तिथं पीठ होतं, आणि आई तिच्याकडे बघत नव्हती.

*

सोमवारी सकाळी ती शाळेत गेली नाही. अल्फियाचा मेसेज आला, 'लिनक्सवाली कुठं उलथलीस', तो तिनं तसाच ठेवला.

साडेदहा वाजता तिनं पप्पांच्या डोक्याचं तेल पुसलं. टाळूवरच्या जुन्या जखमेला कापूस लावला. टोपी घातली. टिचकी मारली. *संकेत मिळत नाही.* पाच मिनिटं थांबली, परत टिचकी मारली. तेच. आई दारात उभी होती, ठेवणीतली साडी नेसून, हातात सहीसाठी पेन. तिचे डोळे सुजले होते. ती बघत होती, पुरवणीचं बटण चालू आहे की बंद.

ते चालू होतं. कस्तुरीनं अजून त्याला हात लावला नव्हता. टोपीचा पट्टा किंचित सैल केला असता, संकेत क्षीण आहे असं यंत्राला वाटलं असतं, आणि ते बोललं असतं. गोड. आईच्या मनातलं. कुणालाही कळलं नसतं, कायद्यालासुद्धा नाही.

पप्पांचे डोळे छताकडे होते. ते ऐकत होते का? कान चांगले आहेत, मॅडम नेहमी म्हणायच्या. म्हणजे अकरा महिने त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला होता. जन्मात न म्हटलेली वाक्यं त्या आवाजात म्हटली जाताना ऐकली होती, आणि बायकोला त्या वाक्यांवर खुलताना ऐकलं होतं. कदाचित म्हणूनही गप्प झाले असतील. तिला कधीच कळणार नव्हतं.

बाहेर मॅडमची स्कूटर थांबल्याचा आवाज आला. फाटकाची कडी वाजली.

कस्तुरी उठली. बटणावर तिचं बोट अर्धं मिनिट नुसतंच राहिलं. मग तिनं पुरवणी बंद केली. पुसून टाकली. 'नक्की?' असं यंत्रानं विचारलं, त्यालाही हो म्हटलं. आईच्या घशातून एक आवाज निघाला, कुणीतरी अंगावरची चादर ओढून घेतल्यासारखा.

कस्तुरी पलंगाच्या कडेला बसली, पाडव्याला बसली होती तिथंच. एक हात पप्पांच्या थंड हातावर ठेवला. दुसरा आईकडे केला. आईनं तो धरला नाही. तो तसाच हवेत राहिला.

"आई, पप्पा, दोघंही ऐका," ती म्हणाली. "मॅडमना मी सांगणार आहे की दिवाळीपासून या घरात पप्पा बोललेच नाहीत. वायर मी चुकवली, तेही मीच सांगणार. पप्पांचं उत्तर म्हणून आज कुणी काही लिहायचं नाही. आई, तुला ठरवावं लागेल, तुझ्याबरोबर मी बसेन. आणि उद्यापासून रोज शाळेच्या आधी एक तास टोपी घालून मी पप्पांसमोर बसणार. शब्द आला नाही तरी बसणार. पण त्याच्या आधी, आत्ता, मॅडम आत यायच्या आधी, मी पप्पांच्या तोंडाला पाणी लावणार आहे. अकरा महिने झाले, त्यांनी मागितलं होतं."